चेहऱ्यावरची इंजेक्शनं नको तितकी का दुखतात? या चुका टाळा

फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) किंवा बोट्युलिनम टॉक्सिन (सुरकुत्यांसाठीचं ‘बोटॉक्स’ प्रकारचं औषध) देताना रुग्ण कळवळला की त्याला ‘नाजूक’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. खरी चूक बहुधा सुई टोचण्याआधीच झालेली असते.

भुलीची क्रीम घाईने पुसणं ही त्यातली सगळ्यात नेहमीची. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के असलेली क्रीम चेहरा धुऊन, जाडसर थरात, वर प्लास्टिकची फिल्म लावून साधारण ६० मिनिटं ठेवायची असते. १५ मिनिटांत पुसली तर लावली काय, न लावली काय. म्हणून रुग्णाला वेळच आधीची द्या. पापण्यांजवळ मात्र सांभाळून, कारण क्रीम डोळ्यात गेली तर डोळा बधिर होतो आणि झालेली इजा कळत नाही.

क्रीम पूर्ण पुसल्यावर जंतुनाशक लावा आणि ते वाळू द्या. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की झोंबतं, आणि रुग्णाला वाटतं औषधच झोंबतंय. क्लोरहेक्सिडिन डोळ्यांपासून लांब ठेवा, त्याने कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते.

सुईत काटकसर नको. बाटलीच्या रबरी बुचातून गेलेली सुई तिथेच बोथट व्हायला लागते. औषध एका जाड सुईने ओढा आणि टोचायला ३० ते ३२ गेजची (म्हणजे अगदी बारीक) नवी सुई लावा. कपाळ आणि डोळ्यांभोवती मिळून पंधरा-वीस टोचे होत असतील तर दर पाच-सहा टोच्यांनंतर ती बदला. सुई त्वचेत जाताना अडखळली, तर पुढच्या टोच्याची वाट न पाहता बदला.

टॉक्सिनची पावडर कशात विरघळवता यानेही फरक पडतो. ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असलेलं सलाईन साध्या सलाईनपेक्षा कमी दुखतं, कारण बेंझिल अल्कोहोल स्वतःच सौम्य भूल देतं. उत्पादकाच्या पत्रकात साधं सलाईन लिहिलेलं असतं, तेव्हा हा निर्णय डॉक्टरने समजून-उमजून घ्यायचा. बेंझिल अल्कोहोलची ॲलर्जी असेल तर विषयच संपला.

बर्फ लावून मग सिरिंज भरायला घेतली तर त्याचा उपयोग गेला. सिरिंज हातात तयार ठेवून काही सेकंद बर्फ, त्वचा पुन्हा निर्जंतुक, आणि लगेच टोचा. कंपन देणारं उपकरण टोच्याच्या शेजारी, दोन-तीन सेकंद आधीपासून चालू हवं. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना वाटेत अडवतात, हा मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत इथे कामी येतो.

फिलर दाबताना अंगठ्यावर ताबा ठेवा: मिनिटाला ०.३ मिलिलिटरपेक्षा वेगाने नको. जोरात दाबलं की ऊती ताणल्या जातात, दुखतं, सूजही वाढते. ओठात थेट भूल भरली तर ओठाचा आकार बिघडतो आणि किती फिलर भरायचं याचा अंदाज चुकतो. तिथे तोंडाच्या आतून दिलेला नर्व्ह ब्लॉक (ओठाकडे जाणाऱ्या नसेजवळ दिलेली भूल) बरा. ॲड्रिनॅलिनशिवाय (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध न मिसळता) दिलेल्या लिडोकेनची कमाल मात्रा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरा, आणि हिशेबात क्रीम, ब्लॉक, फिलरमधलं लिडोकेन हे सगळं घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखत नाही म्हणून निश्चिंत होणं. फिलर रक्तवाहिनीत गेल्यावर होणारी तीव्र वेदना भुलीखाली झाकली जाते. त्यातच क्रीम, बर्फ आणि ॲड्रिनॅलिन यांनीही त्वचा पांढरी पडते. म्हणून सुरू करण्याआधीच रंग बघून ठेवा, आणि प्रत्येक भागानंतर बोटाने दाबून सोडा. लाली परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा जाळीदार निळसर डाग दिसले, तर फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचं असल्यास तिथेच थांबून ते फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज द्या. ते खोलीत हाताशी हवं. दृष्टी अंधुक झाली तर ती तातडीची अवस्था आहे, क्षणही घालवू नका. बधिरपणा उतरल्यावर दुखणं वाढत गेलं तर रात्रीसुद्धा फोन करायचा, हे रुग्णाला घरी सोडण्याआधी सांगा.