कड्याच्या कुलुपाचा चाकू: ओपिनेल वापरावा कसा, अडकला तर सोडवावा कसा

ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या घडीच्या चाकूबद्दल वापरणाऱ्यांची मतं दोन टोकांची असतात. कोणी म्हणतं, इतकं साधं आणि भरवशाचं कुलूप दुसरं नाही. कोणी म्हणतं, पातं बाहेर काढताना नख तुटायची वेळ येते. दोघंही खरं बोलतात. बहुतेक वेळा त्यांच्या चाकूंमध्ये फरक असतो तो फक्त लाकडातल्या ओलाव्याचा. म्हणून मुठीच्या तोंडाशी असलेल्या कुलपाच्या कड्याला दोष देण्याआधी मुठीचं लाकूड बघावं. या लेखातली निम्मी दुरुस्ती लाकडाचीच आहे.

कुलूप चालतं कसं

फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला. तेव्हा त्याला कुलूप नव्हतं. पातं उघडं राहायचं ते केवळ घर्षणावर. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी फिरतं कडं आणलं, त्याचं नाव व्हिरोब्लॉक. मुठीच्या तोंडाशी एक पक्कं बसवलेलं आतलं कडं असतं, त्यातून पात्याची पिन आरपार जाते. त्यावर चीर असलेलं दुसरं कडं फिरतं. चीर मुठीच्या खाचेसमोर (पातं मिटून बसतं त्या फटीसमोर) आली की पात्याला वाट मोकळी. कडं फिरवून चीर बाजूला नेली की धातूची भिंत पात्याच्या बुडाशी आडवी येते आणि पातं मिटत नाही. स्प्रिंग नाही, बटण नाही, आत लपलेला एकही भाग नाही. २००० पासूनच्या चाकूंत हेच कडं पातं मिटलेलं असतानाही लावता येतं, त्यामुळे खिशात पातं आपोआप उघडत नाही.

कडं ६ नंबरपासून पुढच्या मापांनाच असतं. २ ते ५ नंबर बिनकुलपाचे. ६ नंबरचं पातं ७ सेंटीमीटर, ८ नंबरचं ८.५, १० नंबरचं १० आणि १२ नंबरचं १२ सेंटीमीटर. पहिल्यांदा घेणाऱ्याने ८ नंबर घ्यावा. मूठ तळहातात पुरती बसते आणि कडं अंगठा व तर्जनीच्या चिमटीत नीट येतं. ६ नंबरचं कडं ओल्या किंवा जाड बोटांना निसटतं.

नवा चाकू हातात आला की

१. कडं फिरवून चीर खाचेसमोर आणा. पात्यावरच्या नखखाचेत नख घालून पातं पूर्ण उघडा. शेवटपर्यंत सारखाच जोर लागला पाहिजे. मध्येच घट्ट आणि पुढे सैल लागलं, तर लाकूड एका जागी दाबतंय असं समजा.

२. पातं उघडं धरून कडं साधारण पाव फेरा फिरवा. आवळल्यासारखं वाटलं की थांबा. ताकद लावून पुढे नेलं तर कुलूप जास्त पक्कं होत नाही, उलट सोडवताना हात घसरतो आणि तो घसरतो पात्याच्या दिशेने.

३. पात्याची पाठ लाकडी पाटावर टेकवून हळूहळू भार द्या. बोटं खाचेच्या वाटेत ठेवू नका. कडं स्वतःहून मागे फिरता कामा नये. पाठ दणादण आपटून बघायची सवय काही लोकांना असते, ती सोडावी. त्या आपटण्याने पिनच्या भोवतालचं लाकूड चेपतं आणि चांगला चाकू आपल्याच हाताने खिळखिळा होतो.

४. उजेडासमोर धरून मिटलेलं पातं खाचेच्या मधोमध उतरतंय का ते पाहा. किंचित एका बाजूला असणं चालतं. पण पात्याची धार लाकडाला घासत असेल, तर तिथे ती रोज थोडी थोडी बोथट होणार.

कुलूप सोडताना एक शिस्त पाळावी. एका हाताने मूठ मागून धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीने कडं फिरवून चीर खाचेसमोर आणायची आणि मग चिमूट काढून घेऊन तळव्याने पात्याची पाठ ढकलायची. कडं एका हाताने फिरवायच्या युक्त्या अनेकजण दाखवतात. त्या जमल्या तरी घाईत अंगठा धारेवर जातो. हा दोन हातांचा चाकू आहे, तो तसाच वापरावा.

पातं अडकलं तर

मूठ बहुधा बीचच्या लाकडाची असते. बीच पाणी चटकन पितो आणि फुगतो. मुठीच्या मधल्या भागात हे फुगणं बाहेरच्या बाजूला जातं, कळतही नाही. पण तोंडाशी लाकडाभोवती धातूचं कडं आवळलेलं असतं. तिथे बाहेर जायला वाट नाही, म्हणून लाकूड आत, पात्याच्या अंगावर येतं आणि पातं दोन्ही बाजूंनी चिमटलं जातं. चाकू पाण्यात भिजत ठेवला, ओलसर हवेत राहिला किंवा धुऊन तसाच मिटून ठेवला की हेच होणार.

पक्कडीने पातं ओढू नका. पात्यावर चरे पडतात, पक्कड सुटली तर हात कापतो. साव्हुआत यावर जुनी युक्ती आहे, तिला ‘साव्हुआवाल्याचा ठोका’ म्हणतात. कडं सोडवून चीर खाचेसमोर आणा. मूठ मध्यावर धरा, खाचेची बाजू खाली आणि बोटं खाचेपासून दूर. आता मुठीचं मागचं टोक, खाच असलेल्या अंगाने, लाकडी टेबलाच्या कडेवर टुकटुक आपटा. मूठ थांबते, पातं मात्र आपल्या वजनाने पुढे सरकतं आणि टोक बाहेर डोकावतं. दोन-तीन ठोक्यांत नख बसेल एवढी पाठ वर येते.

पातं निघाल्यावर चाकू अर्धा उघडा ठेवून हवेशीर, सावलीतल्या जागी दोन-तीन दिवस वाळू द्या. ऊन, शेगडी, ओव्हन नको. लाकूड एकदम वाळलं की तोंडाशी उभं तडकतं आणि त्या तडीला इलाज नाही.

वाळूनही पातं जडच चालत असेल, तर आतून घासावं लागेल. १२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी पातळ पुठ्ठ्यावर दुमडून खाचेत, पिनच्या शेजारी सरकवा. दोन्ही भिंतींना सारखे, प्रत्येकी दहा हात मारा, भुसा फुंकून काढा आणि पातं चालवून बघा. गरज असेल तर पुन्हा दहा. इथे उतावीळपणा महागात पडतो. ८ नंबरच्या पात्याची जाडी दीड मिलिमीटरच्या थोडी वर असते, त्यामुळे कागदाच्या जाडीइतकं लाकूड जास्त गेलं तरी पातं आडवं डुलायला लागतं.

कडं काढून लाकडाला तेल

नव्या मुठीवर वार्निश असतं, पण ते वरवरचं. खाचेच्या आत, पिनच्या भोकाशी लाकूड जवळजवळ उघडंच राहतं आणि पाणी शिरतं तिथूनच. तेव्हा तेल द्यायचं ते मुख्यतः आतून.

पातं मिटा. सर्कलिप (चिरेचं स्प्रिंगसारखं कडं) उघडायच्या पक्कडीची दोन टोकं कड्याच्या चिरेत घाला आणि चीर जेमतेम फाकवून कडं पुढे सरकवून काढा. गरजेपेक्षा अर्धा मिलिमीटरही जास्त फाकवू नका, फाकलेलं कडं नंतर सैल बसतं. डोळ्यांवर चष्मा असावा. ताणलेलं कडं सुटून उडतं तेव्हा ते कुठे जाईल सांगता येत नाही.

आता उकळलेलं जवसाचं तेल घ्या. उकळलेलं म्हणजे लवकर सुकणारं, कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं. काडीला चिंधी गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंतींना आणि पिनच्या आसपास तेल फिरवा. पंधरा मिनिटं थांबा, वर राहिलेलं पुसून घ्या, पातं अर्धं उघडं ठेवून चोवीस तास वाळवा. असे तीन हात पुरतात. बाहेरचं वार्निश काढायचं असेल तर २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा आणि बाहेरूनही तेल द्या. मूठ हातात जास्त उबदार आणि कमी निसरडी लागते.

एक गोष्ट विसरू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

काहीजण तेलाऐवजी व्हॅसलीन सांध्यात भरून केस वाळवायच्या यंत्राने वितळवतात. पातं लगेच हलकं चालतं, हे खरं. पण व्हॅसलीन सुकत नाही. धूळ आणि खिशातला कचरा धरून ठेवतं आणि वर्षभरात सांध्यात काळा लगदा होतो. जवसाचं तेलच बरं.

कडं सैल, कडं घट्ट, पातं डुलतंय

सैल कडं काढून दोन बाजूंनी बोटांनी किंवा कापड लावलेल्या पक्कडीने किंचित दाबा आणि बसवून बघा. घट्ट असेल तर चीर तेवढीच किंचित फाकवा. दोन कड्यांमध्ये बारीक वाळू किंवा फळांचा वाळलेला रस असला तरी कडं जड फिरतं, म्हणून वाकवण्याआधी आतली बाजू ब्रशने साफ करून तेलाचा एक थेंब द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पातं बाजूला डुलत असेल तर कारण पिनमध्ये आहे. पिनचं एक टोक लोखंडी ठोकळ्यावर टेकवा आणि दुसऱ्या टोकावर छोट्या हातोडीने दोन हलके ठोके द्या. प्रत्येक ठोक्यानंतर पातं चालवून पाहा. पिन आवळणं सोपं, सैल करणं फार अवघड.

पात्याविषयी थोडं

कार्बन पोलादाच्या पात्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतो. धार पटकन लागते, गंजही पटकन लागतो. लिंबू किंवा कांदा कापून तसंच ठेवलं की तासाभरात डाग दिसतो. राखाडी-निळसर डाग चांगला, तो गंजाला थोपवतो. नारिंगी डाग मात्र लगेच काढावा. ओलाव्याच्या जागी राहणाऱ्याने स्टेनलेस घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. कोणतंही पातं असो, धुतल्यावर पुसा आणि मिटण्याआधी दहा मिनिटं उघडं ठेवा.

धार १००० नंबरच्या दगडावर, प्रत्येक बाजूला पातं दगडाशी साधारण २० अंश धरून लावावी, मग ३००० वर चार हात. धार लावताना कडं लावलेलंच हवं. पातं पातळ आहे, ते कापण्यासाठी आहे. डबा उचकटायला किंवा फळी फाकवायला वापरलं तर आधी टोक जातं, मग पिन, आणि सैल पिनेवर कड्याचं कुलूपही नीट बसत नाही.