पहिल्या सत्रातली निकालपत्रं कशी वाचावीत

केतांजी ब्राउन जॅक्सन २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आल्या. त्यांचं पहिलं सत्र वाचायचं तर मनीग्रॅम या पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडच्या बेवारस पैशांवरचा निकाल मागे ठेवा. तो त्यांनी लिहिलेला न्यायालयाचा पहिला निकाल, पण एकमताचा. तिथे सगळ्यांना सांभाळून लिहावं लागतं.

आधी ग्लेशियर नॉर्थवेस्ट या काँक्रीट कंपनीच्या खटल्यातलं भिन्नमत काढा. आठ विरुद्ध एक, आणि ती एक म्हणजे त्याच! संपावर गेलेल्या ड्रायव्हरांनी काँक्रीटने भरलेले ट्रक परत आणून लावले, काँक्रीट लगेच घट्ट होऊ नये म्हणून ड्रम मात्र फिरते ठेवले. पेन्सिल घ्या. हा फिरता ड्रम बहुमताच्या मतात कुठे येतो आणि जॅक्सनबाईंच्या मतात कुठे, ते समासात टिपा. मी तसं केलं, तेव्हा कुठे मला त्यांचा मुद्दा उमगला. तळटीपा गाळू नका.