बाळंतिणीच्या खोलीतलं प्लास्टिक आणि रसायनं कशी कमी करावीत

दवाखान्यात नेण्याच्या बॅगेत काय भरायचं ते घरातल्या मोठ्या बायकांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. बावीस वर्षं प्रसूती वॉर्डात आणि नवजात शिशू कक्षात काढल्यावर मला एकाच गोष्टीचा त्रास होतो. लोक महागडं सेंद्रिय तेल आणतात, बांबूच्या तंतूंचं दुपटं आणतात, आणि त्याच बाळाला गरम दूध प्लास्टिकच्या बाटलीतून पाजतात. सुरुवात बाटलीपासून करा. पण दवाखाना आणि कपडे हे भाग सोपे आहेत, ते आधी आटपून घेऊ.

दवाखान्यात

सलाइनचा सेट, सिरिंज, हातमोजे, नळ्या यांना नाही म्हणू नका. एकदाच वापरायच्या या वस्तू जंतुसंसर्ग रोखतात. त्यातल्या मऊ पीव्हीसी नळ्यांमध्ये बऱ्याचदा डीईएचपी नावाचं, प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन असतं, ते दुधासारख्या स्निग्ध द्रवात जास्त उतरतं. फ्रान्सने २०१५ पासून बालरोग, नवजात आणि प्रसूती विभागांत अशा नळ्यांवर बंदी घातली. बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत राहणार असेल आणि नळीने दूध चालू असेल, तर डीईएचपी नसलेली नळी मिळेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. मिळाली नाही तर उपचार थांबवू नका.

तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे कचरा. वॉर्डातल्या पिवळ्या बादलीतला कचरा जाळायला जातो. नातेवाईक त्यात पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, कॅरीबॅग टाकतात. पीव्हीसीसारखं क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन तयार होतं. रक्ताचे पॅड पिवळ्या बादलीत, खाण्यापिण्याचा कचरा साध्या बादलीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा, अगदी सासऱ्यांनासुद्धा.

कपडे

जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटी, यापेक्षा चांगलं काही नाही. फक्त ते ट्रंकेतून काढून थेट बाळाला गुंडाळू नका. डांबर गोळ्यांतलं नॅफ्थलीन कपड्यांत मुरलेलं असतं, आणि ज्या बाळाला जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्याच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. कावीळ इतकी वाढते की मेंदूला इजा होऊ शकते. कमतरता आहे की नाही हे बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून सगळे कपडे धुवा, दोन दिवस कडक उन्हात टाका, वास राहिला तर पुन्हा धुवा, आणि त्या कपाटात गोळ्या परत ठेवू नका. आमच्याकडे कावीळ चढलेलं बाळ आलं की मी आईला पहिला प्रश्न कपड्यांचाच विचारते.

आता दूध

आधी हे स्पष्ट करते: अंगावर पाजता येत असेल तर वाटीही नको. आई आजारी आहे, बाळाला ओढता येत नाही, आईला कामावर जावं लागतंय, अशा वेळी काढलेलं दूध कशाने पाजायचं हा प्रश्न येतो, आणि घरात कोणीतरी बाटली आणतं. तिच्या खोक्यावर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेलं असतं म्हणून सगळे निर्धास्त. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की एक रसायन त्यात नाही. आजच्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा बाटल्यांत दूध बनवण्याच्या रीतीने सत्तर अंशांचं पाणी घालून हलवलं, तेव्हा लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिकचे कण सापडले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. आपण तर बाटली उकळतो आणि मग त्यात गरम दूध ओततो. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूधबाटलीच्या जाहिरातीवर बंदी आहे, तरी बाळंतविड्यात बाटली येतेच. ती परत करा आणि स्टीलची वाटी मागा.

दूध हाताने काढा. पंपाचा कप, नळी, झडप सगळं प्लास्टिकचं, आणि पहिल्या दोन दिवसांचा चीक इतका थोडा आणि घट्ट असतो की बराचसा तिथेच चिकटून राहतो. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची. कातडीवरून बोटं घासत पुढे आणू नका, दूध येत नाही आणि कातडी सोलवटते. चीक थेट उकळलेल्या चमच्यात घ्या. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरही पुरतो, ‘दूधच नाही’ म्हणून घाबरू नका.

वाटी निवडताना कडेवरून बोट फिरवा. स्वस्त वाट्यांची कड धारदार असते. गोल वळवलेल्या कडेची, अर्धा कप मावेल एवढी छोटी वाटी हवी. रोज घासून दहा मिनिटं उकळायची.

इथून पुढचा भाग मला नोकरीच्या पहिल्या वर्षी जमत नव्हता. बाळ रडत होतं, तोंड उघडं होतं, मी त्याला आडवं धरून चमचाभर दूध आत घातलं. ते ठसकलं, ओठ निळे पडले. आमच्या मोठ्या सिस्टरनी बाळ माझ्या हातातून घेतलं, कुशीवर वळवलं, पाठ चोळली, आणि ते रडायला लागल्यावर मला म्हणाल्या, “अगं, तू ओततेयस. त्याला पिऊ दे.” त्या दिवसानंतर मी कित्येक आयांना शिकवलं असेल, पण वाक्य त्यांचंच वापरते.

पूर्वीच्या बायका बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) पाजायच्या ते पाहिलेल्या आज्या हमखास ओततात. पायावर आडवं टाकायचं, गाल दाबायचे, बोंडलं रिकामं करायचं. बोंडलं वाईट नाही, ती रीत धोक्याची आहे. दूध श्वासनळीत जातं.

बाळ पूर्ण जागं असेल आणि रडून थकलेलं नसेल तेव्हाच सुरुवात करा. भूक लागल्यावर ते तोंड उघडून इकडेतिकडे शोधतं, मूठ चोखतं, तीच वेळ. हात दुपट्यात गुंडाळा, नाहीतर वाटी उडते. मांडीवर जवळजवळ बसतं धरा, मान आणि खांदे तुमच्या तळहातावर, हनुवटीखाली घडी घातलेला पंचा. वाटी अर्धी भरा, तिची कड खालच्या ओठावर हलकेच टेकवा आणि एवढीच कलती करा की दूध ओठाला लागेल. मग थांबा. इथेच सगळ्या चुकतात, कारण थांबवत नाही. बाळ जीभ बाहेर काढून दूध चाटतं, थोडं मोठं असेल तर भुरकतं. दोन-तीन घोट घेऊन ते थांबतं, श्वास घेतं. त्या वेळी वाटी काढून घेऊ नका आणि जास्त वाकवूही नका, आहे तशीच धरून ठेवा. तोंड मिटलं, मान वळवली की झालं. चमच्याने पाजत असाल तर चमचा ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा, जिभेवर उपडा करू नका.

पहिले तीन-चार दिवस निम्मं दूध पंच्यावर जाईल. एका पाजण्याला अर्धा तास लागेल. घरातलं कोणीतरी म्हणेल, पोट भरत नाही, बाटली द्या. तेव्हा लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-आठ ओले लंगोट होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पोट भरतंय. (डायपर घातला तर हा हिशेबच लागत नाही, म्हणूनही मला लंगोट हवा असतो.) लंगोट कमी झाले किंवा बाळ मलूल वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल, तर वॉर्डातल्या सिस्टरसमोर शिकल्याशिवाय घरी वाटी लावू नका.

काढलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. खोली पंचवीस अंशांच्या आत असेल तर चार तास. विदर्भातल्या मे महिन्यात मी तासाभराच्या वर बाहेर ठेवू देत नाही. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवून चोवीस तासांत संपवा. कोमट करायला डबा गरम पाण्यात ठेवायचा, गॅसवर नाही. डॉक्टरांनी पावडरचं दूध दिलं असेल तर तेही स्टीलच्या भांड्यात कालवा, निवू द्या, वाटीनेच पाजा.

बाकीचं

नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक नको. वाइप्सऐवजी कापूस आणि कोमट पाणी. पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर आईच्या कपाळाला लावा. कॉइल आणि धुरी बंद, मच्छरदाणी लावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको, कार्बन मोनॉक्साइडने माय-लेकरं दोघंही दगावू शकतात. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. खोलीला रंग द्यायचा असेल तर निदान महिनाभर आधी द्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. पाऱ्याचा थर्मामीटर काढून डिजिटल घ्या. जुना फुटलाच तर झाडू मारू नका, खिडकी उघडा, पारा जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत पाण्याखाली ठेवा.

सहा महिन्यांनी वरचं पाणी सुरू झालं की लोक पुन्हा प्लास्टिकचा सिपर आणतात. वाटीवर वाढलेलं बाळ स्टीलच्या लहान पेल्याला सरळ तोंड लावतं. पहिल्या आठवड्यात अंगावर सांडतं, तेवढं एक लाळेरं जास्तीचं शिवून ठेवा.