चिकवीड ओळखायचं ते खोडावरून

ग्वाल्हेरला थंडीत लष्कर भागातल्या बागांत, ओलसर कुंड्यांत आपोआप पसरणारं बारीक पांढऱ्या फुलांचं तण बहुधा चिकवीड असतं. मूळचं युरोपातलं, कार्नेशनच्या कुळातलं. पाकळ्या दहा वाटतात, पण असतात पाचच. प्रत्येक जवळजवळ तळापर्यंत चिरलेली. खरी खूण मात्र खोडावर. भिंगातून पाहा: केसांची एकच रांग, आणि प्रत्येक पेरापाशी ती बाजू बदलते. खोड हलकेच ताणून तोडलं की आतला लवचिक धागा दिसतो. फुलं नसताना फसगत होते ती निळ्या फुलांच्या कृष्णनीलशी. त्याचं खोड चौधारी, बिनकेसांचं. पानांखाली काळसर ठिपके. कृष्णनील विषारी आहे, म्हणून चिकवीड भाजीसाठी खुडताना प्रत्येक फांदी तपासा. दोन्ही एकाच वाफ्यात गुंतून वाढू शकतात.