घरात दिव्यांग माणूस असेल तर नाशिकमध्ये मदत कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यायची

माझा धाकटा भाऊ आता २७ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, धरलं तर चालतो, त्याचं बोलणं आम्हाला कळतं, बाहेरच्यांना कळत नाही. आम्ही सिडकोत राहतो. पहिली बारा-पंधरा वर्षं आमच्याकडे एकच पद्धत होती, कुणीतरी काहीतरी सांगायचं की अमुक ठिकाणी मदत मिळते आणि आई त्याला रिक्षात घालून तिकडे न्यायची, तिथे कळायचं की आधी दुसऱ्या ऑफिसचा कागद लागतो, त्या ऑफिसात कळायचं की तिसऱ्याचा लागतो. आईचे दोन्ही गुडघे याच खेट्यांमध्ये गेले असं मला आजही वाटतं. मदत नव्हती असं नाही, आमचा क्रम चुकत होता. म्हणून आज जर कुणी मला विचारलं की ताई सुरुवात कुठून करू, तर मी जे सांगते ते इथे त्याच क्रमाने लिहितेय.

सगळ्यात आधी फाईल, आणि नावं जुळवा

एक बटणाची प्लॅस्टिक फाईल आणा. त्यात आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो आणि लहानपणापासूनचे जेवढे मेडिकल रिपोर्ट असतील तेवढे, जुने म्हणून फेकू नका. आता ही सगळी कागदं टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर तपासा. आमच्याकडे आधारवर वडिलांचं नाव पूर्ण होतं आणि पासबुकवर नुसतं आद्याक्षर, तेवढ्यावरून एका ऑफिसात अर्ज चार महिने पडून राहिला आणि आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. नावात, जन्मतारखेत फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना तेही बघा, मगच पुढे जा. उत्पन्नाचा दाखला सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात मिळतो.

दुसरं काम यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि देशभर चालणारं ओळखपत्र

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, फक्त अंध, कर्णबधिर आणि हातापायाचं नाही. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातले पीडित सगळे त्यात येतात, आणि कितीतरी घरांना हे माहीतच नसतं त्यामुळे ते अर्जच करत नाहीत. सुरगाणा, पेठ या भागात सिकलसेलची माणसं आहेत, त्यांनी तर नक्की विचारावं.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरायचा, स्वतः जमत नसेल तर आपले सरकार केंद्रवाला भरून देतो. हॉस्पिटल निवडायला सांगतात, शहरातले बहुतेक लोक त्र्यंबक रोडचं सिव्हिल निवडतात. मग तपासणी होते, दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते, कार्ड घरी येतं आणि डाउनलोडही करता येतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं आणि ८० पासून पुढे निळं. बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

कोणत्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी असते ते निघण्याआधी विचारून घ्या, कारण डॉक्टर वेगवेगळे असतात. दोघं जणं जा. एक रांगेत उभा राहील आणि दुसरा आपल्या माणसाला घेऊन बाजूला सावलीत बसेल, डबा, पाणी, कपड्यांचा जोड, रुमाल, आणि त्याला ज्याने शांत वाटतं ती वस्तू बरोबर हवी. माझा भाऊ किल्ल्यांचा जुडगा हातात असला की दोन तास बसतो, नसला तर दहा मिनिटं नाही.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला हात जोडून सांगते. डॉक्टर विचारतात, कपडे स्वतः घालतो का? आमची आई पटकन म्हणाली, हो घालतो की. तो बाहीत हात घालतो एवढंच, शर्ट धरते ती, बटणं लावते ती, कॉलर सरळ करते ती. २० वर्षं रोज केल्यामुळे आपण करतोय हेच तिला दिसत नव्हतं. आपलं पोर कमी दिसू नये म्हणून पण आपण असं बोलतो, मला ते कळतं, पण तिथे जसं आहे तसं सांगायचं. जायच्या आधी आठवडाभर वहीत लिहा, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत कुठे कुठे कुणाचा हात लागतो, आणि ती वही बरोबर न्या. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. लहान मुलांचं सर्टिफिकेट बऱ्याचदा मुदतीचं असतं, शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

मूल अगदी लहान असेल तर मात्र सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका. मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, दीड-दोन वर्षांचं होऊनही शब्द नाही, असं काही दिसलं की अंगणवाडीच्या ताईंना सांगा किंवा सरळ सिव्हिलमध्ये जाऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. मुलगा उशिरा बोलतो, त्याचे काका पण उशिरा बोलले होते, असं म्हणत जी दोन वर्षं जातात ती परत मिळत नाहीत.

मग पैशाचं

गावाकडे ज्याला निराधारचा पगार म्हणतात ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० आहे, आणि महिन्याची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० केलीय. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर दिला नाही की पगार थांबतो, आणि थांबलेला पगार सुरू करणं नवीन अर्जापेक्षा अवघड जातं.

दुसरं, ग्रामपंचायत असो नगरपालिका असो की महापालिका, तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. शहरात राहत असाल तर शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात समाजकल्याण विभागात किंवा आपल्या विभागीय कार्यालयात विचारा की यावर्षी काय सुरू आहे. गावात असाल तर ग्रामसेवकाला विचारा आणि लेखी विचारा, ग्रामसभेत विचारा. चार घरं मिळून विचारायला गेली की उत्तर लवकर मिळतं हा अनुभव आहे.

तिसरं निरामय. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेचा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी कुठली मेडिकल टेस्ट नाही आणि यात थेरपीचाही खर्च बसतो. फी अगदी थोडी. फक्त दरवर्षी रिन्यू करायला लागतो, न्यासाकडे नोंद असलेल्या संस्थेमार्फत फॉर्म भरून घ्या आणि बिलं लगेच लावा, साठवून नका ठेवू.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. एसटीत ४० टक्क्यांपासून साध्या गाडीला ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर बरोबरच्या माणसालाही अर्धं तिकीट. रेल्वेचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं, त्याचाही अर्ज आता ऑनलाईन आहे.

शाळा, संस्था आणि आपल्यासारखी माणसं

६ ते १८ वयाच्या, ४० टक्क्यांपासून पुढच्या मुलाला जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने नाही म्हटलं तर तोंडी नाही घेऊ नका, लेखी मागा. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीलाच द्या.

याबाबतीत आपलं नाशिक खरंच नशीबवान आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, बौद्धिक अक्षम मुलांसाठी, आणि त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या. दृष्टिहीनांसाठी सातपूरला नॅब महाराष्ट्र ही संस्था आहे. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, मोठ्या वयाच्या बौद्धिक अक्षम मुलींना राहण्यासाठी घरकुल परिवार आहे. आधी फोन करून जा, आणि नुसतं ऑफिसात बसून माहिती घेऊ नका, जेवणाच्या वेळेला थांबा. मुलांना कोण भरवतं, किती घाईत भरवतं, एखाद्याने सांडलं तर बाई काय म्हणतात, हे अर्धा तास बघितलं की माहितीपत्रक वाचायची गरज राहत नाही. बाथरूम पण बघा.

शाळेच्या गेटवर जे पालक उभे असतात त्यांचे नंबर घ्या. आम्हाला सरकारी कागदापेक्षा जास्त माहिती गेटवर मिळाली, कोणता थेरपिस्ट मुलाला रडवत नाही, कोणत्या दुकानात त्याच्या पायाचे बूट बनवून देतात. आता आम्ही पाच घरं आळीपाळीने शनिवारी एकमेकांकडे मुलं ठेवतो, तीन तास. पहिल्या शनिवारी आई देवळात जाऊन आली आणि मग बाकीचा वेळ नुसती झोपली.

सांभाळणाऱ्याचंही बघायला हवं ना. रात्र रात्र झोप नाही, चिडचिड होतेय, रडू येतंय, मारायला हात उठतोय, असं होत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर लावा, मोफत आहे, मराठीतून बोलतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१८ पूर्ण झाल्यावर

हे काम सगळेच पुढे ढकलतात. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान, मग आईबाबा त्याच्या वतीने सही करू शकत नाहीत, बँकेत, वारसा नोंदीत, सगळीकडे अडतं. निरामयसाठी जे चार प्रकार सांगितले त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, कोर्टात जायला लागत नाही. आईवडील असतानाच करून घ्या, आणि त्यांच्यानंतर कोण ते घरात बसून बोला. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्याचं नाव आणि सर्टिफिकेट ऑफिसच्या रेकॉर्डला आत्ताच लावा. वकील लागला तर दिव्यांग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, १५१०० वर विचारता येतं.

आमच्याकडे हा विषय बाबांनीच काढला. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मला आणि माझ्या नवऱ्याला समोर बसवलं, ती निळी फाईल उघडली आणि एकेक कागद काढून दाखवला, हे कुठे चालतं, हे कधी रिन्यू होतं. भाऊ शेजारी बसून किल्ल्या वाजवत होता. आता एक पूर्ण झेरॉक्स सेट माझ्या घरी आहे, आणि त्याच्या वरच्या पानावर आईच्या अक्षरात लिहिलंय की त्याला वरण गरम लागतं, भात कोमट, आणि रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवायचा.