प्रोटॉनच्या स्पिनमधला ग्लुऑनचा वाटा कसा मोजायचा

प्रोटॉनचा स्पिन, म्हणजे अंगभूत कोनीय संवेग, १/२ असतो. त्यातला जेमतेम ३० टक्के आतल्या क्वार्क या कणांच्या स्पिनमधून येतो. बाकीच्यात ग्लुऑनचा (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणाचा) स्पिन आणि क्वार्क-ग्लुऑनची कक्षीय गती येते. ग्लुऑनला विद्युतभार नाही. इलेक्ट्रॉन त्याला थेट धडकत नाही. म्हणून प्रोटॉनवर प्रोटॉन आदळायचे. खालची पद्धत अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी त्वरकावर (कणांचे झोत वेगाने फिरवून आदळवणाऱ्या यंत्रावर) वापरलेली.

रिंगमध्ये प्रोटॉनचा स्पिन उभा असतो. टकरीतून निघालेले कण टिपणाऱ्या स्टार डिटेक्टरच्या अलीकडचे स्पिन रोटेटर चुंबक तो गतीच्या रेषेत वळवतात, पलीकडचे पुन्हा उभा करतात. स्पिन पुढे की मागे, हे झोतातल्या प्रोटॉनांच्या गुच्छागणिक बदलत ठेवा. गुच्छ १०६ नॅनोसेकंदांच्या अंतराने येतात, त्यामुळे डिटेक्टरची कार्यक्षमता दिवसभरात सरकली तरी दोन्ही मांडण्यांना सारखाच फटका बसतो.

आता जेट, म्हणजे टकरीतून एका दिशेला उडणारे कणांचे फवारे, मोजा: दोन्ही प्रोटॉनांची हेलिसिटी (स्वतःच्या गतीच्या दिशेला स्पिन पुढे की मागे) समान असताना ‘स’, विरुद्ध असताना ‘व’. समान मांडणीची ल्युमिनॉसिटी (टकरींना मिळालेल्या संधीचं माप) भागिले विरुद्ध मांडणीची, हा ‘र’. ध१ आणि ध२ ही झोतांची ध्रुवीकरणं, म्हणजे झोतातले स्पिन किती प्रमाणात एकाच दिशेला आहेत ते.

असममिती = (स − र×व) ÷ [ध१×ध२×(स + र×व)]

उत्तर शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून लहान येतं, म्हणून हिशेब आधी करा. ध्रुवीकरण ५५ टक्के असेल तर ०.००१ अचूकतेला सुमारे १ कोटी १० लाख जेट लागतात; ६० टक्के असेल तर ७७ लाखांत भागतं. लागणारी संख्या ध्रुवीकरणाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. नुसता डेटा वाढवत बसण्यापेक्षा झोत सुधारणं स्वस्त पडतं, ते यामुळेच.

खरा घात ‘र’ करतो. त्यात हजारात एकाची चूक झाली तर ५५ टक्के ध्रुवीकरणाला असममिती ०.००१७ ने सरकते, आणि ही चूक कितीही जेट जमवले तरी कमी होत नाही. ‘र’ दोन वेगळ्या डिटेक्टरांनी काढा आणि फरक पाहा. एकाच झोताच्या स्पिनवर अवलंबून असलेली असममितीही तपासा. जेटसाठी ती शून्याच्या जवळ यायला हवी. येत नसेल तर पुढे जाऊ नका. कोणत्या टकरी नोंदवायच्या ते ठरवणाऱ्या ट्रिगरकडेही लक्ष हवं: तो क्वार्कांच्या जेटांना झुकतं माप देतो, ते सिम्युलेशनने दुरुस्त करावं लागतं.

ग्लुऑनचा संवेग-अंश क्ष (प्रोटॉनच्या संवेगातला त्याचा हिस्सा) ढोबळमानाने असा: जेटच्या आडव्या, म्हणजे झोताला काटकोनातल्या, संवेगाची दुप्पट भागिले टकरीची एकूण ऊर्जा. २०० जीईव्हीच्या (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक) टकरीत १० जीईव्हीचा जेट म्हणजे क्ष ०.१, ५१० ला तोच जेट ०.०४ वर पोहोचतो. टकरीतून निघालेले दोन्ही जेट पकडले तर दोन्ही बाजूंचे क्ष वेगळे काढता येतात.

असममितीवरून थेट वाटा निघत नाही. सगळ्या प्रयोगांचा डेटा एकत्र बसवावा लागतो. २००९ चा डेटा धरून २०१४ मध्ये केलेल्या अशा विश्लेषणात ०.०५ च्या वरच्या क्षसाठी ग्लुऑनच्या स्पिनचा वाटा १/२ पैकी सुमारे ०.२ आला. मात्र ग्लुऑन-ग्लुऑन टकरीत ग्लुऑनचं ध्रुवीकरण दोनदा गुणलं जातं, त्यामुळे वाटा धन की ऋण, हे चिन्ह हरवतं. ते ठरवायला थेट फोटॉन (टकरीतूनच सरळ निघालेले प्रकाशकण) मोजा: तिथे मुख्य प्रक्रियेत एका बाजूला क्वार्क असतो आणि ग्लुऑन एकदाच येतो. आरएचआयसीवरच्याच फिनिक्स प्रयोगाचा २०२३ चा असा निकाल धन चिन्हाच्या बाजूने आहे. ०.०१ च्या खालचा क्ष मात्र ब्रुकहेवनलाच होणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरशिवाय नीट हाती लागणार नाही.