मीरा ताऱ्याची प्रत नुसत्या डोळ्यांनी कशी ठरवायची

तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा साधारण 332 दिवसांत एक चक्र पुरं करतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितका तारा उजळ. उजळ असताना मीरा तिसऱ्या, एखाद्या वर्षी दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो आणि मंदावला की नवव्या प्रतीच्याही खाली जातो. 1596 मध्ये डेव्हिड फॅब्रिशियसने त्याची नोंद केली, तेव्हापासून लोक त्याच्या मागावर आहेत. या कामाला कॅमेरा लागत नाही.

आधी नकाशा घ्या. एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या, 1911 पासून चालणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की तुलनेच्या ताऱ्यांसह नकाशा फुकट मिळतो. त्यावर 68 छापलं असेल तर ती प्रत 6.8 समजायची. दशांशचिन्हाचा ठिपका एखाद्याला तारा वाटू नये म्हणून तो गाळलेला असतो.

नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास मेष राशीच्या दक्षिणेला तिमिंगलातला मेंकर हा तारा शोधा (प्रत 2.5). तिथून नैर्ऋत्येकडे त्याच समूहातले गॅमा (3.5), डेल्टा (4.1) आणि पुढे मीरा. मेंकरपासून मीरा हात लांब करून धरलेल्या एका मुठीपेक्षा थोडा जास्त दूर आहे.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या. टॉर्चला लाल कागद लावा आणि मोबाइल खिशातच राहू द्या. मग एक तारा मीरापेक्षा किंचित उजळ आणि एक किंचित मंद असा निवडा. समजा मीरा गॅमापेक्षा मंद, पण डेल्टापेक्षा उजळ दिसतोय. दोघांत 0.6 चा फरक आहे. गॅमापासून डेल्टाकडे जाताना मीरा एक तृतीयांश अंतरावर वाटला, तर प्रत 3.5 + 0.2 = 3.7. दशांशाच्या एका स्थळापुढे जाऊ नका, डोळ्याची कुवत तेवढीच.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मीराच्या लाल रंगामुळे. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहत बसलं की तो हळूहळू उजळ भासू लागतो, आणि नोंद अर्ध्या प्रतीनेही चुकू शकते. म्हणून झटकन एक नजर मीरावर, एक तुलनेच्या ताऱ्यावर, असं चार-पाचदा करा. दुर्बिणीत दोन्ही तारे थोडे फोकसबाहेर नेले तर रंग फिका पडतो आणि तुलना सोपी होते. दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा दोन्ही डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल अशी मान वळवा, कारण एक वर आणि एक खाली असताना सारखेच तारेही वेगळे दिसतात. दोघांची क्षितिजापासूनची उंचीही शक्यतो सारखी हवी.

मीरा पाचव्या प्रतीखाली गेला की 10×50 ची द्विनेत्री घ्या, आठव्यानंतर चार ते सहा इंची दुर्बीण, कमी वर्धनात. उजळ ताऱ्यासाठी मोठी दुर्बीण वापरू नका. डोळे दिपतात आणि फरक कळत नाही. मीरा अगदी मंद असताना त्याच्या जवळच, सुमारे दोन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतरावर, नवव्या प्रतीचा एक साधा तारा आहे. त्यालाच मीरा समजून नोंदी केल्या जातात, तेव्हा नकाशा नीट जुळवा.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. 12 नोव्हेंबर 2025 ची रात्री 9:15 म्हणजे 15:45, ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रात वापरला जाणारा दिवसांचा सलग क्रमांक) 2460992.16. पहाटेच्या नोंदीत मात्र तारीखही एक दिवस मागे जाते. पहाटे पाचच्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि नेमकं हेच विसरलं जातं. नोंदीत तुलनेचे दोन्ही तारे, नकाशाचा क्रमांक, चंद्र आणि धूसरपणा येऊ द्या. आठ-दहा दिवसांनी एक नोंद पुरते. मागची नोंद आणि भाकीत निरीक्षणाआधी अजिबात पाहू नका, नाहीतर डोळा अपेक्षेप्रमाणेच आकडा देतो.

एप्रिल-मेमध्ये मीरा सूर्याजवळ असतो, आणि महाराष्ट्रात पाठोपाठ पावसाळा येतो. मीरा सर्वांत उजळ असण्याचा काळ, म्हणजे उच्च बिंदू, दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकत असल्याने काही वर्षं तो या खिंडीतच हरवतो. अशा वर्षी ऑक्टोबर उजाडताच उतरती बाजू, म्हणजे मंदावत जाणारा मीरा, पकडायची.

मीरा दिसलाच नाही तर दिसलेल्या सर्वांत मंद तुलना-ताऱ्याची प्रत लिहून आधी < चिन्ह द्या: <9.2. ढग असतील तर मात्र काहीच लिहू नका.